दिवस मावळायच्या आत

माझी नात रुची यंदा आठवीत आहे. मागच्या रविवारी तिच्या आईबरोबर मलाही सांगलीतल्या एका क्लासच्या सभेला जावं लागलं, कारण सूनबाईला गाडी चालवताना शेजारी बोलायला कुणीतरी लागतं. गारेगार हॉल, प्रत्येक खुर्चीवर एक पेन आणि एक छापील फॉर्म. समोर माइक घेतलेला तरतरीत मुलगा, माझ्या मुलापेक्षा, अभयपेक्षाही लहान असेल, सगळ्यांना बजावत होता की कॉलेजच्या प्रवेशाची तयारी बारावीत सुरू करणं म्हणजे लग्नाच्या मांडवात बसून स्थळं बघणं. आठवी हीच वेळ, आणि खरं सांगायचं तर तीही जरा उशिराचीच. उशीर म्हटल्याबरोबर हॉलमधल्या आयांचे चेहरे जे पडले ते बघवेनात. फॉर्मवर एक प्रश्न होता, ‘पाल्याच्या प्रवेशासाठी घरच्या दिनक्रमात आपण कोणता बदल कराल?’ सूनबाईनं लगेच लिहिलं, ‘टीव्ही बंद.’ मला हसू आलं. तिनं विचारलं, “काय झालं हो आई?” मी म्हटलं, “काही नाही गं, लिही तू.” पण ते काही नाही नव्हतं, म्हणून तर आज हे लिहायला बसले आहे.

माझ्याही प्रवेशाची तयारी आठवीतच सुरू झाली होती. तेव्हा क्लास नव्हते, फॉर्मही नव्हता, होते ते माझे वडील, आमचे आप्पा, आणि पलीकडच्या गल्लीतले सुभेदार आबा. आमचं गाव कृष्णाकाठचं, सांगलीपासून एसटीनं तासाभराच्या आतलं. आम्ही जैन, शेती करणारे. सुभेदार आबा मराठा, फौजेतून पेन्शनीवर आलेले, मिशा कातरलेल्या आणि आवाज असा की आमच्या ओसरीवर बोलले तर बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, पंडितांना ऐकू जायचं. त्यांची आणि आप्पांची मैत्री कशी जमली देव जाणे. एक मटणाचा रस्सा भुरकणारा, दुसरा पाणीसुद्धा दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय तोंडाला न लावणारा. तरी रोज सकाळी आबा आमच्याकडं यायचे, आई त्यांच्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या पेल्यात ताक द्यायची, आणि दोघं मिळून माझं आयुष्य ठरवायचे.

“आप्पा, मी सांगतो ते ध्यानात धर,” आबा म्हणायचे. “लडाई एक दिसाची आसती, तयारी सालोंसाल. तुज्या पोरीला गणित येतंय, रसायन येतंय, समदं येतंय. तरीबी हापिसातला क्लार्क कुठनं गोळी घालंल सांगता येत न्हाई. कागद पक्का पायजे.” आप्पा मान डोलवायचे. मी फार्मसी शिकावं हे त्या ओसरीवरच ठरलं. गावात औषधाचं दुकान नव्हतं. कुणाला ताप आला तर गोळीसाठी सांगली गाठायची, आणि रात्री आला तर सकाळची वाट बघायची. आबांची बायको तशीच एका तापात गेली होती. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण “हितं दुकान पायजे, आन् ते आपल्या राजमतीचं पायजे” असं म्हणताना त्यांचा तो तोफेसारखा आवाज खाली यायचा. मला विचाराल तर मलाही तेच हवं होतं. काचेच्या बरण्या, पांढरा कोट आणि मी म्हणेन तेच औषध. मला लहानपणापासून लोकांना सांगायची हौस फार.

मग सुरू झाली कागदांची मोहीम. आमच्या मास्तरांनी शाळेत घालताना अख्ख्या वर्गाची जन्मतारीख एक जून लिहून टाकली होती, अठ्ठावीस पोरं एकाच दिवशी जन्मलेली. आप्पांनी ग्रामपंचायतीत खेटे घालून माझी खरी तारीख शोधून काढली आणि शाळेत दुरुस्त करून घेतली. पाठोपाठ रहिवासाचा दाखला झाला, नववीची, दहावीची गुणपत्रिका आली, प्रत्येकाच्या तीन तीन नकला आणि त्यावर साहेबांचे शिक्के. हे सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, मेणकापडात गुंडाळून. पावसाळ्यात आप्पा तो डबा उघडून कागद उन्हाला दाखवायचे, जसे पापड दाखवतात तसे. आई म्हणायची, “आवं, पोरगीला बी एकदा ऊन दाखवा, दिसभर पुस्तकात तोंड घालून बसलीया.” आज सूनबाई फोनमध्ये सगळं साठवते. बरंच आहे की, पण त्या डब्याला बिस्किटांचा वास यायचा, तो फोनला येत नाही.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवण व्हायचं. मावळल्यावर अन्न नाही, आप्पांना तर पाणीही नाही. साडेपाचला आईच्या भाकरी थापण्याचा आवाज सुरू झाला की खेळ जिथं असेल तिथं टाकून पळत यायचं. शाळूची भाकरी, घेवड्याची नाहीतर दोडक्याची भाजी, मुगाची आमटी, दह्याचा गोळा. आप्पा मधे, मी डावीकडं, आई चुलीपाशी. दाराबाहेरच्या भिंतीची सावली तुळशीपर्यंत पोचली की आप्पा ताटावरून उठायचे. त्यांना घड्याळ लागायचं नाही. घड्याळ त्यांच्या मनगटावर होतं, पण ते एसटीसाठी, जेवणासाठी नव्हे. आमची भांडी घासून पालथी पडायची तेव्हा कुठं गावातल्या इतर घरांत चुली पेटायच्या. मग आठच्या सुमाराला सगळ्या गल्लीत फोडणीचा वास सुटायचा आणि मी पोटभर जेवलेली असूनसुद्धा पुस्तकावर नाक ठेवून तो वास ओढत बसायची. लय वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू!

बारावीला मार्क चांगले पडले. साताऱ्याच्या एका कॉलेजात फार्मसीच्या यादीत माझा नंबर एक्केचाळिसावा लागला. त्या वेळी नावं पुकारून प्रवेश देत. पुकाराला हजर असेल त्याला जागा, नसेल तर पुढचा. सुभेदार आबा आम्हाला पहाटे एसटीवर सोडायला आले, डबा त्यांनी स्वतः तपासला आणि मला सॅल्यूट ठोकला. मी आठवीपासूनची ती सगळी तयारी मांडीवर घेऊन बसले होते.

अकराला पुकारा सुरू व्हायचा होता, तो चारला झाला. साहेबांची कसलीशी मीटिंग. हॉल माणसांनी गच्च, बाहेर आभाळ भरून आलेलं, घोंगडी पांघरल्यासारखा उजेड. साडेसहाच्या सुमाराला आप्पा चुळबुळ करायला लागले. चातुर्मास लागलेला, सकाळपासून आम्ही दोघांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, आणि आईनं बांधून दिलेली भाकरी पिशवीत तशीच. त्यांनी शिपायाला गाठलं.

“किती झाले, दादा?”

“एकोणीस. तुमचा कितवा? एक्केचाळीस? मग बसा निवांत, तासभर काय हलत नाही.”

आप्पांनी दारात जाऊन आभाळ बघितलं. गावात त्यांना सावलीवरून वेळ कळायची. इथं सावलीच नव्हती. “डोंगराचा मुलूख हाय,” ते म्हणाले, “हितं दिवस लौकर बुडतो. चल राजाक्का, दोन घास खाऊन येऊ.”

मी म्हटलं, “तुमी जावा आप्पा, मी हितंच थांबतो.” आमच्याकडं बायकासुद्धा मी जातो, मी येतो असंच बोलतात, त्यात काही चूक नाही.

“मग उद्या सकाळपतोर उपाशी ऱ्हाशील व्हय? चल, धा मिनटात येऊ.”

आणि मी गेले. इतकी वर्षं मी हे लोकांना सांगताना ‘आप्पांनी नेलं’ असं सांगत आले. पण मी गेले, कारण मलाही भूक लागली होती. हॉलमध्ये खायला परवानगी नव्हती, म्हणून आम्ही कॉलेजच्या मागं चिंचेखाली बसलो. आप्पांनी लोट्यातलं पाणी हातावर घेतलं, णमोकार मंत्र म्हटला, भाकरी मोडली. शेंगदाण्याची चटणी त्या दिवशी मला इतकी गोड लागली होती की मी दुसरी भाकरी मागून घेतली.

हात धुऊन उठलो आणि ढग फाटले. यवतेश्वराच्या डोंगरावर, चांगला हातभर वर, सूर्य होता. लख्ख! आप्पा त्याच्याकडं बघतच राहिले. मी पळत सुटले. हॉलच्या दारात पोचले तेव्हा क्लार्क खुर्च्या मागं सारत होता. वरच्या नंबरांतली कितीतरी मुलं डॉक्टरकीला, इंजिनिअरिंगला गेलेली, आलीच नव्हती. त्यामुळं पुकारा भराभरा पुढं सरकला, आणि चव्वेचाळिसाव्या नावाला जागा भरल्या.

“काका, तीनदा पुकारलं हो,” तो बिचारा आप्पांना म्हणाला. “मी स्वतः बाहेर पायरीवर येऊन पुकारलं. कुठं होता तुम्ही?”

“जेवत हुतो,” आप्पा म्हणाले.

 क्लार्कनं माझं नाव प्रतीक्षा यादीत घातलं आणि म्हणाला, कुणी जागा सोडली तर पत्र येईल, पण भरवसा धरू नका.

परतीच्या एसटीत मी बोलले ते आजही मला नीट लिहवत नाही. मी म्हटलं, “तुमाला तुमचा दिवस प्यारा, पोरगी न्हाई.”  पिशवी मांडीवर धरून आप्पा खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांच्या मिशीला चटणीचा एक कण अडकला होता. एरवी मी तो हातानं पुसला असता, त्या दिवशी पुसला नाही.

घरी आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. सुभेदार आबा आले, त्यांनी सगळं ऐकलं. “आरं, समदं बांधलं आपण,” एवढंच म्हणाले, “सूर्व्याचंच इसरलो की रं गड्या.” आप्पा हसलेही नाहीत. मग एका संध्याकाळी मी ठरवून साडेपाचला ताटावर बसलेच नाही. अंधार पडला, दिवा लागला, तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन शिळी भाकरी काढली आणि भाजके शेंगदाणे घेऊन कडाकडा चावत बसले, बाहेर ओसरीवर आप्पांना ऐकू जावं म्हणून. आईनं तोंडावर हात ठेवला. “आगं बया, काय करतीयास हे!” मला वाटलं, आता आप्पा आत येतील, ओरडतील, बरं होईल एकदाचं. आप्पा आत आले नाहीत. बाहेरूनच त्यांचा आवाज आला, नेहमीसारखा.

“तिला दही दे गं. पोरगी कोरडं खातीया.”

आईनं दही वाढलं. मी ते खाल्लं आणि रडले, आणि तरीही बोलले नाही. अशी मी आडमुठी होते. अजूनही आहे, सूनबाईला विचारा.

पंधरा दिवसांनी पत्र आलं, दोन जागा सुटल्या होत्या. साताऱ्याला निघायच्या पहाटे आप्पा एसटीच्या आधी बस्तीत जाऊन आले, बराच वेळ लावून. पिशवीत एकाचीच भाकरी होती. “तुमची?” मी विचारलं. आठ दिवसांचे पंधरा झाले होते, तो माझा पहिला शब्द. “मला आज नगं,” ते म्हणाले. मला वाटलं, उपवास असेल. चातुर्मासात त्यांचे उपवास असायचेच. साताऱ्यात पुन्हा तोच हॉल, तीच वाट बघणं. या खेपेला वीज गेली. साडेसहा झाले, सात झाले. मी म्हटलं, “आप्पा, काय तरी खाऊन या, मी हितनं हलत न्हाई.” ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, पाठ बाहेरच्या उजेडाकडं. त्यांनी मान वळवून आभाळाकडं बघितलंसुद्धा नाही. वीज आली, दिवे लागले, आणि पिवळ्या उजेडात माझं नाव पुकारलं गेलं. आप्पांनी डबा उघडला. एकही कागद कमी निघाला नाही. क्लार्क म्हणाला, “काका, अशी फाईल आख्ख्या यादीत कुणाची नाही.” हे वाक्य आप्पांनी पुढं पन्नास वेळा तरी सुभेदार आबांना सांगितलं असेल.

वसतिगृहाच्या मॅडमनी माझं आडनाव वाचून वर बघितलं. “तुमच्याकडे सूर्यास्तानंतर जेवत नाहीत ना? आमची मेस आठला सुरू होते. त्याआधी काही मिळणार नाही. मागच्या वर्षी एक मुलगी याच कारणानं सोडून गेली. चालेल का बघा, नाहीतर आत्ताच सांगा.”

मी म्हटलं, “चालतंय, मी राहतो.” मॅडम हसल्या, “राहतो? मुलगी आहेस की मुलगा?”

पण त्यांचं लक्ष आप्पांकडं होतं. आप्पा म्हणाले, “तिला सूट हाय.”

“कुणी दिली?”

“घरातनंच.”

बस. एवढंच. मला इतका आनंद झाला होता की घरातनं म्हणजे कुणी, कशी, काही विचारायचं सुचलं नाही.

साताऱ्याची चार वर्षं मजेत गेली, ती वेगळीच गोष्ट आहे. आठला जेवायला बसायचं, गरम फोडणीची आमटी, शेजारी वाईची, कराडची, आटपाडीची मुलगी, हसून हसून घास घशात. पहिले काही दिवस मावळल्यावर घास उचलताना हात अडखळायचा. मग आप्पांचं ‘सूट हाय’ आठवायचं आणि मी जेवायची. सुट्टीत घरी आले की साडेपाचला आई आणि मी जेवायचो. आप्पा कुठं? मळ्यात. “मळ्यातच खाल्लं गं शेंगा आन् गूळ,” ते अंधार पडता पडता येऊन सांगायचे. कधी “सकाळचं लय झालंय.” ते वाळले होते. मी म्हटलं, वय झालं. आज माझ्या दुकानातल्या हजार गोळ्यांतली एक मुदत संपलेली पट्टी मला लांबून दिसते, आणि तेव्हा चार वर्षं माझ्या उजवीकडची मोकळी जागा दिसली नाही. वयच तसं असतं म्हणतात. मला नाही पटत. मी बघितलं नाही, एवढंच.

परवा त्या सभेत तो मुलगा पालकांना विचारत होता, तयारी नक्की कधी सुरू करायची. मी हात वर केला नाही. काय सांगणार होते? डबा आठवीतला होता हे सांगितलं असतं. पण खरी तयारी माझ्या पाठीमागं, मला न सांगता, एका पहाटे बस्तीत सुरू झाली होती, आणि ती किती चालली हे मला सगळं संपल्यावर कळलं.

शेवटच्या वर्षाचा निकाल घेऊन मी घरी आले तो दिवस. पहिला वर्ग. सुभेदार आबांनी गल्लीत पेढे वाटले, तेही दोनदा. मी हातपाय धुऊन आत आले तर साडेपाच वाजत होते, भाकरी थापण्याचा आवाज चालू होता, आणि तीन ताटं मांडलेली. आप्पा मधे बसले होते. आईनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि तिथंच पदर डोळ्याला लावला.

“आगं, रडायला काय झालं?” मी विचारलं.

“चार वर्सांनी बसलाय ह्यो माणूस सांजच्या ताटावर,” आई म्हणाली. “तुला साताऱ्याला न्यायच्या पहाटं बस्तीत नियम घेतला हुता, हास्टेलात जेवान रातीचं आसतं हे आदीच इचारून. लेक तितं दिवस मावळल्यावर जेवणार, तर माजं सांजचं बंद. ती शिकून घरी येईपतोर. आन् मला वर शपथ, तिला कळू द्यायचं न्हाई, कळलं तर पोरगी तितं उपाशी बसंल.”

मी आप्पांकडं बघितलं. चार वर्षं, दिवसातून एकदा जेवून त्यांनी ऊस तोडला होता, पाणी पाजलं होतं, बैलांमागं चालले होते. मला काहीतरी बोलायचं होतं, त्या एसटीतल्या वाक्याबद्दल बोलायचं होतं. तोंडातून नुसतंच “आप्पा” आलं.

त्यांनी घास चावला, गिळला, आणि आईकडं बघून म्हणाले, “घेवड्यात मीठ कमी हाय.”

मी उठून मीठ दिलं. मग खाली बसून त्यांच्या मिशीवरचा भाकरीचा कण हातानं पुसला, आणि त्यांना दुसरी भाकरी वाढली. त्यांनी नको म्हटलं, मी ऐकलं नाही. “सावकाश जेवा आप्पा,” मी म्हटलं. दाराबाहेर भिंतीची सावली तुळशीपासून अजून लांब होती.